कौसल्याच्या डब्याचं झाकण

सोनाळा
१२ नोव्हेंबर

चि. सौ. पायल हिस जनकाबाईचा जयभीम.

तुझा फोन लागत नाही. आधी वाटलं, रेंज नसेल. मग माझ्या प्रसेनजितनं सांगितलं की तुझ्या भावानं, संघर्षनं, तुला नवं सिम घेऊन दिलं आहे आणि तो नंबर आपल्याकडे नाही. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मॅडम, आता पत्र कोन लिहिते?" मी म्हटलं, "ज्याईचे फोन लागत नाहीत, ते."

तू परत ये असं सांगायला मी लिहीत नाही. नवरा-बायकोत मी नाक खुपसत नाही, हे चार वर्षांत तुला कळलं असेल. मी लिहिते आहे ती आपल्या 'पिछला आँगन' सिरीयलसाठी. संघर्षकडे संध्याकाळी सातला दुसरंच चॅनल चालतं, हे तूच सांगितलं होतंस. आणि आपला नेम आहे, लाइट गेली, पाहुणे आले, कोणी गावाला गेलं, तर जिनं पाहिलं तिनं जिचं चुकलं तिला सांगायचं. जेवढं झालं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही आणि उरकायचंही नाही. नेम तूच घातलास. मी जन्मभर अंगणवाडीत गोष्टी सांगितल्या, पण पोरं एका वाक्यावर टिकत नव्हती, "मंग? मंग?" करून जीव काढायची. न घाई करता ऐकणारी तू पहिली भेटलीस.

तर ऐक. कौसल्याबाईची सून सुमन माहेरी गेली आहे. भांडून नाही, तिच्या काकाचं काही आहे. त्यामुळे घरात कौसल्याबाई एकटी. सकाळी ती कणकेचा डबा उघडते, पीठ काढते, आणि झाकण लावायला जाते तर झाकण नाही. पूर्ण भाग ती ते झाकण शोधते. ओट्याखाली पाहते. माळ्यावर चढायला स्टूल घेते, अर्ध्यावर गुडघा धरते, उतरते. खाटेखाली वाकते. तिथे तिला नवऱ्याची हरवलेली चप्पल सापडते, ती उचलून नीट जोडीला लावून ठेवते. पुन्हा शोधते. शेवटी मागच्या आंगणात पायरीवर बसते. कॅमेरा आत उघड्या डब्यावर. संपलं. एक गाणं नाही, ढॅण ढॅण ढॅण नाही.

शेजारची झुंबरबाई तेवढ्यात दही मागायला आली होती. दहा मिनिटं उभी राहून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय सिरीयल होय वो बाई? बाई झाकनच धुंडून राह्यली! कोनी मेलं नाई, कोनी पळालं नाई." मी तिला दही दिलं आणि वाटेला लावलं.

कौसल्याच्या भिंतीवरची ओल आणखी वाढली आहे. आता कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत आली. तू असतीस तर आधी तेच दाखवलं असतंस.

सही काय करावी कळेना. सध्या तरी,
तुझी सासू


सोनाळा
८ डिसेंबर

चि. सौ. पायल हिस जयभीम.

पहिलं पत्र तुझ्या हातात पडलं की संघर्षच्या, मला माहीत नाही. पडलं नसेल तरी मी लिहिणार. सातची वेळ झाली की टीव्ही लावते, संपला की कोणाला सांगावं कळत नाही.

पण आज आधी सिरीयलचं नाही. परवाच्या बैठकीचं.

मेहकरच्या विहारात तुमची माणसं एका बाजूला, आमची एका बाजूला, मध्ये सतरंजी. तू तुझ्या मावशीच्या मागे बसली होतीस, गुडघ्यात मान घालून. आमच्या बाजूनं शंकरराव बोलायला होते. ते आधी प्रसेनजितला म्हणाले, "बाबू, झालं काय ते सांग." तो म्हणाला, "काई नाई." तुला विचारलं. तूही तेच म्हणालीस. मग त्यांनी एकेक करून विचारलं. मारलं का? नाही. दारू? नाही. दुसरी कोणी बाई? नाही. हुंडा मागितला? नाही. शंकरराव बिचारे टोपी काढून डोकं खाजवू लागले. "मंग सोडून काऊन राह्यले बे एकमेकाईले? काई तं झालं असंन!"

काहीच झालं नव्हतं, पायल. हे तुला ठाऊक, मला ठाऊक. तो जळगाव जामोदच्या लॅबमधून यायचा, हेल्मेट टेबलावर ठेवायचा, जेवायचा. तू आधी विचारायचीस, आज काय झालं. तो म्हणायचा, काही नाही. मग तू विचारायचं सोडलंस. मग वाढून ठेवून माझ्याजवळ येऊन बसायला लागलीस. मग तो जेवताना मोबाइल बघायला लागला. मी हे सगळं बघत होते. रोज थोडं थोडं. एखाद्या दिवशी ताट आदळलं असतं, कोणी ओरडलं असतं, तर मी धावत मध्ये पडले असते. पण एकही दिवस असा आला नाही की ज्या दिवशी उठून म्हणावं, थांबा, हे काय चाललंय. बघणाऱ्याला सगळं दिसतं आणि त्याच्या हातात काहीच नसतं. सिरीयल बघताना हे बरं वाटतं. घरात फार वाईट.

मग संघर्ष उठला. त्याला मी दोष देत नाही, बहिणीचा भाऊ आहे, चार माणसांत बहीण उगीच सोडून आली असं कसं म्हणवून घेईल? तो म्हणाला, "मी सांगतो. सासूचा जाच होता तिले."

सतरंजीवर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, तू ऐकलास का? कारण सापडलं! शंकररावसुद्धा हलके झाले. वळून मला म्हणाले, "काय वो जनकाबाई?"

तू मान वर केलीस. माझ्याकडे पाहिलंस. मग पुन्हा खाली घातलीस.

मी म्हटलं, "असंन बाबा."

घरी येताना शेगावला बस थांबली तेव्हा प्रसेनजित म्हणाला, "तू असं काऊन म्हनलं, आई?" मी त्याला काय सांगू? मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तुला विचारलं असतं. मग तुला एक तर भावाला खोटं पाडावं लागलं असतं, नाही तर मला वाईट ठरवावं लागलं असतं, तेही तोंडानं. दोन्ही मला बघवलं नसतं. तसंही त्यांना एक कारण हवं होतं. दिलं. दोन शब्द होते, तोंडून निघून गेले. आता ते परत घेता येत नाहीत.

तू मात्र मला खरं सांग. बाकी कोणाला नको, कोर्टाला नको, गावाला नको. तुझ्या मनात तसं होतं का? माझ्याकडून कधी काही झालं असेल आणि मला कळलं नसेल, तर तेही सांग.

सिरीयलचं पुढच्या पत्रात. झाकण सापडलेलं नाही.

तुझी सासू


सोनाळा
२३ जानेवारी

चि. सौ. पायल हिस जयभीम.

उत्तर नाही. मी रोज वाट पाहते असं नाही, पण पोस्टावरून जाते तेव्हा मास्तर आतूनच हात हलवून नाही म्हणतात.

गावात आता मी खाष्ट सासू झाले. "असंन बाबा" मेहकरहून माझ्या आधी सोनाळ्याला पोचलं होतं. विहिरीकडच्या बायका मी आले की विषय बदलतात. झुंबरबाईनं तर तोंडावर सांगितलं, "अवो, तुमी तं सिरीयलमधल्या सासूवानी निघाल्या! आमाले वाटे, साधी बाई हाय." मी विचारलं, "कोन्त्या सिरीयलमधल्या?" तर म्हणाली, "तुमच्या त्या झाकनवालीतल्या नाई, आमच्यातल्या." म्हणजे हिऱ्याच्या कुड्या घालून दुधात औषध कालवणारी. मला हसू आलं, पायल. घरी येऊन मात्र रडले. तुझ्याशिवाय हा विनोद कोणाला सांगण्यासारखाही नाही.

आपल्या सिरीयलमध्ये गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते. सुमन माहेराहून आली. कौसल्याबाईनं तिला झाकणाचं विचारलं नाही. का, ते दाखवलं नाही, पण मला कळलं. सून आल्या आल्या "झाकण कुठे ठेवलंस" म्हटलं तर ते विचारणं राहत नाही, आरोप होतो. म्हणून ती गप्प बसते आणि वर्तमानपत्राचा कागद डब्यावर घालते. सुमन तो कागद बघते आणि तीही विचारत नाही. दोघी समोरासमोर बसून वाटाणे सोलतात. अख्खा भाग वाटाणे. एक दाणा उडून खाटेखाली जातो, दोघी एकदम त्याकडे बघतात, आणि हसतात. बस. मी म्हणते, हे लिहिणारा माणूस कोणाच्या तरी स्वयंपाकघरात लहानाचा मोठा झालेला असणार.

सुमनच्या अंगावर तीच हिरवी साडी होती, काठ उसवलेली. तू म्हणायचीस ना, "आई, हिची साडी पुन्हा पुन्हा येते, म्हनून मले हे घर खरं वाटते."

आणि एक. तो भाग चालू असताना प्रसेनजित कामावरून आला. हेल्मेट हातात तसंच धरून चौकटीत उभा राहिला. मला वाटलं, आता आत जाईल. गेला नाही. शेवटपर्यंत उभा होता. मग म्हणाला, "त्या बाईनं पिठाच्या गिरणीत पाह्यलं काय? दळन आनताना झाकन तिथं राह्यलं असंन." आणि आत गेला.

इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी फार दिवसांनी ऐकलं. हे मी तुला त्याची वकिली म्हणून लिहीत नाही. झालं ते सांगितलं.

तुझी सासू


सोनाळा
१७ मार्च

चि. सौ. पायल हिस जयभीम.

वाईट बातमी आहे, आणि तुला सांगायला दुसरं कोणी नाही.

'पिछला आँगन' लोक बघत नाहीत म्हणे. आधी सातवरून साडेपाचला नेली. मी साडेपाचलाही बसले. आता रोज जाहिरात दाखवतात. मोठ्या अक्षरात, ढगांचा आवाज करून, 'बीस साल बाद'.

मला आधी अर्थ लागला नाही. मला वाटलं, कोणाच्या तरी आठवणीत असेल. मग सोमवारी पाहिलं, गोष्टच वीस वर्षं पुढे नेली. शुक्रवारी कौसल्याबाई मागच्या आंगणात वाळवण उचलत होती. आभाळ भरून आलं होतं आणि तिची गडबड चालली होती. सोमवारी भिंतीवर तिचा फोटो, त्याला चंदनाचा हार. एका शनिवार-रविवारात मारली. कशानं मेली, कोण जवळ होतं, तोंडात पाणी कोणी घातलं, काही नाही. भिंतीला गुलाबी रंग. ओल कुठे गेली? वर्षभर आपण दोघींनी ती ओल इंच इंच वाढताना पाहिली, आणि यांनी एका दिवसात पुसली! सुमनच्या कानामागे एक पांढरी बट, अंगावर जरी, आणि ती जिन्यावरून उतरते. त्या घराला जिना नव्हता, पायल.

आता झुंबरबाई रोज येते. पाय पसरून बसते आणि म्हणते, "आता कशी रंगून राह्यली!" मी तिला चहा करून देते आणि चुलीजवळ बसून राहते.

माझी चिडचिड होते, ती कोणावर काढू? टीव्हीत कोणाला पत्र लिहावं तर पत्ता माहीत नाही. जिचा पत्ता माहीत आहे ती उत्तर देत नाही. अशी माझी गत.

शंकरराव परवा येऊन गेले. प्रसेनजितसाठी अकोल्याकडचं एक स्थळ आहे म्हणाले. फारकतीचा कागद व्हायच्या आधीच! "बोलून ठेवाले काय जाते?" म्हणतात. सगळ्यांनाच घाई. प्रसेनजित नेहमीसारखा "काई नाई" म्हणून उठून गेला. मला या वेळी त्याचं "काई नाई" आवडलं.

तुमची कोर्टातली शेवटची तारीख जून महिन्यात आहे असं ऐकलं. मी येणार. येऊ नको म्हणाले तरी येणार. आत नाही बसणार, बाहेर बसेन.

तुझी सासू


सोनाळा
१९ जून

चि. पायल,

या वेळी 'सौ.' लिहिलं नाही. लिहिलं असतं तर खोटं झालं असतं, आणि न लिहिता पुढे जायला मला बराच वेळ लागला.

काल तुझ्यासमोर मी धड वागले नाही, ते आधी सांगते. कोर्टाच्या व्हरांड्यात मी बाकावर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत तुझ्यासाठी शेवया, सोनाळ्याच्या आपल्या अंगणात वाळवलेल्या. द्यायच्या की नाही, याचाच विचार चालला होता. वाटलं, आत वेळ लागेल. तुम्ही दोघं आत गेलात आणि मी पाण्याची बाटली उघडून पुन्हा बंद करेस्तोवर बाहेर आलात. इतकं लवकर? चार वर्षांचं इतकं लवकर आटोपतं? मी वकिलांना विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं, मावशी. दोघांची संमती होती, काही वाद नव्हता." मी म्हटलं, वाद नव्हताच कधी.

संघर्ष तुला घेऊन जिन्याकडे निघाला. प्रसेनजित खांबाला टेकून खाली बघत होता. मी उठले, पिशवी हातात घेतली. कोण म्हणून जाऊ? काल सकाळपर्यंत मी तुझी कोणीतरी होते. पोटी लेकरू असतं तुम्हाला, तर निदान त्याला बघायला म्हणून मला मेहकरची बस धरता आली असती. तो धागाही नाही. कायद्यात सासू-सुनेचा कागद नसतो, नवरा-बायकोच्या कागदातच आमचंही फाटतं, आणि आमची संमती कोणी विचारत नाही.

तू जिन्यावर थांबलीस. वळलीस. संघर्ष "चाल ना" म्हणत होता. तू तिथूनच विचारलंस, "आई, कौसल्याले झाकन सापडलं काय?"

संघर्षला वाटलं असेल, पोरगी कागदावर सही करून भ्रमिष्ट झाली. वकील माझ्याकडे बघायला लागले. प्रसेनजितनं मान वर केली. त्याला कळलं. आणि मी, जन्मभर गोष्टी सांगणारी बाई, तोंड उघडून नुसती उभी राहिले. तोवर तो तुला खाली घेऊन गेला. गाडीचं दार लागलं. शेवया पिशवीतच राहिल्या.

म्हणजे तुला पत्रं मिळत होती. सगळी मिळत होती. आणि मी डिसेंबरात जे विचारलं होतं त्याचं उत्तरही मिळालं. जाच करणाऱ्या बाईला कोणी जिन्यावर थांबून असं विचारत नाही. आता मला गावानं काहीही म्हणावं.

परत येताना खामगावला बस बदलली तेव्हा प्रसेनजित शेजारी बसून रडला. मोठ्यानं नाही, खिडकीकडे तोंड करून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आधी रडला असता तर, असं मनात आलं. सांगून काय उपयोग?

आता तुझ्या प्रश्नाचं. सिरीयल गेल्या आठवड्यात संपली. शेवटच्या भागात दोन लग्नं लागली आणि एक कारखाना जळाला. झाकणाचं त्यांनी पुढे कधीच दाखवलं नाही. ज्यांनी ते हरवलं तेच विसरले. पण तू विचारलंस आणि नेम आहे, जिचं चुकलं तिला सांगायचं. म्हणून मधल्या वीस वर्षांतला एक भाग मी सांगते. तो कोणी दाखवला नाही, तरी झाला असणार.

खरं सांगू? आधी मी असं लिहिलं की सकाळची वेळ आहे, कौसल्याबाई कणीक मळते आहे, आणि दारात सुमन उभी, हातात झाकण. लिहिलं आणि वाचून पाहिलं. मला तुझा आवाज ऐकू आला, "आई, असं नसते होत." तो कागद चुलीत घातला.

तर झालं ते असं. सकाळची वेळ. कौसल्याबाई डब्यावरचा वर्तमानपत्राचा कागद काढते. कागदाला पीठ लागून तो जीर्ण झाला आहे. ती फळीवरून एक ताटली काढते, डब्यावर ठेवून बघते. ताटली थोडी मोठी आहे, पण बसते. ती परत काढते, पुसते, पुन्हा ठेवते. ताटलीनं चालतं. घट्ट बसत नाही, म्हणून वर वरवंटा ठेवावा लागतो, आणि पावसाळ्यात मुंग्या होतात, तेव्हा पीठ चाळून घ्यावं लागतं. पण चालतं. मग ती चहा ठेवते. खिडकीतून मागच्या आंगणात ऊन आलं आहे.

शेजारीपाजारी तिला म्हणतात, बिनझाकणाचा डबा कशाला ठेवतेस, टाकून दे, बाजारात नवे किती मिळतात. ती हो हो म्हणते.

झाकण सापडलं नाही, पायल. तिनं डबा बदलला नाही.

आई